इंटरमिजिएट नसेल तर आर्किटेक्चर नाही?

"चित्रकलेची इंटरमिजिएट दिली नसेल तर आर्किटेक्चरला ॲडमिशन मिळत नाही" हा मेसेज दरवर्षी फिरतो आणि चांगली पोरं फॉर्मच भरत नाहीत, वाईट वाटतं. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण इंटरमिजिएटच्या ग्रेडचे वाढीव मार्क मिळतात, पण ते दहावीला! बी.आर्क.ला, म्हणजे आर्किटेक्चरच्या डिग्रीला, बारावीत फिजिक्स-मॅथ्स लागतं आणि नाटासारखी ॲप्टिट्यूड टेस्ट. महाराष्ट्रात मेरिट लावताना निम्मं वजन बारावीचं, निम्मं त्या टेस्टचं, इंटरमिजिएटचा कॉलमच नाही. नाटात 200 पैकी 80 मार्क ड्रॉइंगचे आहेत, त्याची प्रॅक्टिस कराच, पण बाकीचे 120 प्रश्नोत्तरांचे. खात्री करायची तर यंदाचं प्रवेशाचं माहितीपत्रक उघडा, पात्रतेचं पान वाचून बघा, इंटरमिजिएट हा शब्द शोधा.