पश्तोतील इंग्रजी शब्दांचे ध्वनिपरिवर्तन

पश्तो ही अफगाणिस्तानात आणि पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा व बलुचिस्तान प्रांतांत बोलली जाणारी पूर्व इराणी भाषा आहे. १८४९ मध्ये पेशावर इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कचेरी, छावणी आणि पुढे रेल्वे यांच्यासोबत इंग्रजी शब्द तिच्यात येऊ लागले. त्यांपैकी बरेच उर्दूच्या वाटेने आले.

सर्वांत ठळक बदल ‘ट’ आणि ‘ड’ यांचा आहे. इंग्रजीतील हे ध्वनी दंतमूलीय (जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकवून उच्चारलेले) असले, तरी पश्तोत ते मूर्धन्य (जीभ मागे वळवून टाळूला टेकवून उच्चारलेले) होतात. इराणी भाषांत मूर्धन्य वर्ण सहसा आढळत नाहीत. पश्तोत ते भारतीय भाषांच्या शेजारामुळे रुजले, असे सामान्यतः मानले जाते. म्हणूनच एकाच काबूल शहरात दरी (अफगाणिस्तानातली फारसी) भाषक ‘दाक्तर’, ‘मोतर’ म्हणतो आणि पश्तो भाषक ‘डाक्टर’, ‘मोटर’. (मराठी खेड्यांतला ‘डाक्तर’ या दोहोंच्या मधोमध बसतो.) ‘बोतल’ या शब्दात मात्र दंत्य ‘त’ आहे, कारण तो हिंदुस्तानीत घडून मगच तिकडे पोहोचला.

पश्तोच्या मूळ शब्दांत ‘फ’चा घर्षक (इंग्रजी f सारखा, हवा घासत जाणारा) उच्चार नसल्याने बोलीत ‘फोटो’चा ‘पोटो’ होतो. मराठीने अशा ठिकाणी महाप्राण (हवेच्या झोतासह उच्चारलेला) ‘फ’ वापरला. पश्तोत महाप्राण स्पर्शवर्णच नाहीत, त्यामुळे तिथे साधा ‘प’ येतो. इंग्रजीत ओठ दातांना टेकवून उच्चारला जाणारा ‘व’ दोन्ही ओठांनी उच्चारल्या जाणाऱ्या ओष्ठ्य ‘व’मध्ये मिसळतो, तर ‘व्होट’मधील संयुक्त स्वर सरळ होऊन ‘वोट’ उरतो.

जोडाक्षरांच्या बाबतीत पश्तो शेजाऱ्यांपेक्षा उदार आहे. ‘स्तर्गा’ (डोळा), ‘स्पिन’ (पांढरा) असे शब्द तिचे स्वतःचेच असल्याने ‘स्कूल’ उच्चारताना तिला उर्दूतल्या ‘इस्कूल’सारखा आधाराचा स्वर लागत नाही.

बोलीभेदाची एक गंमतही इथे नोंदवण्याजोगी आहे. कंदाहारकडे ‘ष’सारखा उच्चारला जाणारा मूळ पश्तो ध्वनी पेशावरकडे ‘ख’ होतो आणि म्हणून भाषेचे नावही ‘पख्तो’ होते. पण ‘स्टेशन’मधला ‘श’ वेगळ्या अक्षराने लिहिला जातो आणि दोन्हीकडे ‘श’च राहतो.

अफगाणिस्तानात ‘रोगतून’ (रुग्णालय), ‘पोहंतून’ (विद्यापीठ) असे घडवलेले शब्द रूढ आहेत, तर पेशावरकडे ‘हस्पताल’ आणि ‘युनिव्हर्सिटी’ हेच शब्द अधिक ऐकू येतात.