मालवाहू कंटेनर : प्रकार व उपयोग

जहाज, रेल्वे आणि ट्रेलर या तिन्ही वाहनांवर, आतल्या मालाला हात न लावता, जशीच्या तशी चढवता-उतरवता येणारी ठरावीक मापाची पेटी म्हणजे मालवाहू कंटेनर. माल्कम मॅकलीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने २६ एप्रिल १९५६ रोजी असे ५८ कंटेनर अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनकडे नेले. पुढे आंतरराष्ट्रीय मानकांनी रुंदी ८ फूट आणि प्रचलित लांबी २० व ४० फूट अशी ठरवली. आठही कोपऱ्यांवरचे ओतीव पोलादी ठोकळे सर्वत्र सारखे असतात. बंदरातली क्रेन असो वा नागपुरातल्या कंटेनर डेपोतली, पकड तीच चालते. अशा डेपोत सीमाशुल्क तपासणी होऊन सील लागलेला कंटेनर रेल्वेने न्हावा शेवा बंदरापर्यंत जातो.

सर्वाधिक वापर बंद, कोरड्या मालाच्या कंटेनरचा होतो. २० आणि ४० फुटी कंटेनरच्या एकूण वजनाची मानक मर्यादा बरीच वर्षे एकच, ३०,४८० किलो, होती. म्हणून फेरो-अलॉय (लोखंडाचे मिश्रधातू) किंवा तांदळाची पोती यांसारखा जड माल २० फुटीत भरणे परवडते, तर सुतासारख्या हलक्या पण जागा अडवणाऱ्या मालाला ९ फूट ६ इंच उंचीचा ४० फुटी ‘हाय क्यूब’ योग्य ठरतो. माल भरण्यापूर्वी एकाने आत उभे राहून दारे लावून घ्यावीत आणि कुठून उजेड येतो का ते पाहावे. तांदूळ भिजण्यापासून वाचवणारी ही तपासणी कधीही टाळू नये.

शीत कंटेनर, म्हणजे ‘रीफर’, याबाबत संत्रा उत्पादकांच्या विदर्भात विशेष काळजी घेतली पाहिजे. रीफर फळे थंड करण्यासाठी नसून थंड केलेली फळे थंड राखण्यासाठी असतो. बागेतून आलेला उष्ण माल थेट भरला, तर त्याचे यंत्र ती उष्णता पुरेशा वेगाने काढू शकत नाही. त्यामुळे पूर्वशीतन आधीच व्हावे लागते. गार हवा खालच्या नालीदार फरशीतून वर चढते. आतल्या भिंतीवरील लाल रेषेच्या वर खोकी रचली, तर हवेची परतीची वाट अडते आणि काही भागातली फळे सडू लागतात. शिवाय या यंत्राला अखंड वीज लागते. त्यामुळे रस्ता किंवा रेल्वेच्या प्रवासात जनरेटरची सोय करावी लागते. शीत माल फारसा आयात न करणाऱ्या शहरात रीफर बहुधा रिकामाच आणावा लागतो आणि तो खर्च निर्यातीच्या भाड्यात येतो.

वरून क्रेनने उतरवायच्या यंत्रसामग्रीसाठी ताडपत्रीच्या छताचा ‘ओपन टॉप’ आणि मापात न बसणाऱ्या अवजड वस्तूंसाठी दोन्ही बाजूंना भिंती नसलेला ‘फ्लॅट रॅक’ वापरतात. द्रवपदार्थांच्या ‘टँक’ कंटेनरमध्ये २० फुटी चौकटीत आडवी टाकी बसवलेली असते. आधीच्या मालाचा अंश नव्या मालात मिसळू नये म्हणून खाद्यतेलासारखा माल भरण्यापूर्वी टाकी धुतल्याचे प्रमाणपत्र पाहिले जाते.