मानसिक कारणास्तव माघार (क्रिकेट)

नैराश्य, चिंताविकार किंवा मानसिक थकवा यांमुळे खेळाडूने चालू दौरा, स्पर्धा वा मोसम अर्ध्यावर सोडणे आणि त्याचे कारण उघडपणे सांगणे, या प्रथेस क्रिकेटमध्ये ही संज्ञा लावता येते. दौरा सोडून घरी परतणे जुनेच आहे. कारणाचा जाहीर उच्चार नवा. म्हणून या प्रथेचा इतिहास बराचसा क्रिकेट मंडळांच्या निवेदनांतील शब्दयोजनेचा इतिहास ठरतो.

पूर्वपीठिका : क्रिकेटच्या दौऱ्याची रचना या प्रश्नाच्या मुळाशी असावी, असे सामान्यतः मानले जाते. विमानप्रवासापूर्वीच्या काळात परदेश दौरा चार-पाच महिने चाले. आजही पाच कसोटींची मालिका दीड-दोन महिने घेते. त्यातच फलंदाजाचा एक चेंडू चुकला, की उरलेला दिवस त्याला तंबूत बसून काढावा लागतो. थोर इंग्लिश सलामीवीर आर्थर श्रूजबरी यांनी १९०३ मध्ये आणि माजी कर्णधार ॲन्ड्रू स्टोडार्ट यांनी १९१५ मध्ये आत्महत्या केली. क्रिकेटचे इतिहासकार डेव्हिड फ्रिथ यांनी १९९० मध्ये अशा घटनांचे संकलन प्रसिद्ध करून क्रिकेट आणि आत्महत्या यांचा काही विशेष संबंध असावा का, हा प्रश्न पुढे आणला. क्रिकेटपटूंच्या आयुष्याच्या नोंदी जितक्या बारकाईने जपल्या जातात, तितक्या इतर व्यवसायांतील माणसांच्या जपल्या जात नाहीत. त्यामुळे तुलनेचा पाया कच्चा राहतो. संकलन मोलाचे, अनुमान मात्र जपून स्वीकारावे. शिवाय ही प्रकरणे बहुधा खेळ सुटल्यानंतरची आहेत. चालू दौऱ्यातील माघारीशी त्यांचा संबंध जोडणे ओढूनताणून होते.

आद्य उदाहरणाचा प्रश्न : हा मान सहसा इंग्लंडचा डावखुरा सलामीवीर मार्कस ट्रेस्कॉथिक याला दिला जातो. फेब्रुवारी २००६ मध्ये इंग्लंडचा संघ भारत दौऱ्यावर असताना, वडोदरा येथील सराव सामन्याच्या वेळी तो कोसळला आणि मायदेशी परतला. कर्णधार मायकेल व्हॉनही दुखापतीमुळे परतल्याने संघाची धुरा ॲन्ड्रू फ्लिन्टॉफकडे आली. कॅरिबियन बेटांवर ‘अ’ संघातून खेळत असलेल्या ॲलेस्टर कुकला तातडीने बोलावण्यात आले. १ मार्चपासून नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर झालेल्या कसोटीत कुकने पदार्पणातच ६० आणि नाबाद १०४ धावा केल्या. त्या सामन्याच्या बहुतेक वर्णनांत कुकचे शतक आणि माँटी पानेसरने पहिलाच कसोटी बळी म्हणून टिपलेला सचिन तेंडुलकर एवढेच येते. सलामीची ती जागा रिकामी का झाली होती, हे क्वचितच येते. पुढे पानेसरही स्वतःच्या मानसिक आजाराविषयी मोकळेपणाने बोलला. हा योगायोग, त्याहून अधिक अर्थ त्यास देऊ नये.

ट्रेस्कॉथिकच्या परतण्याचे कारण तीन टप्प्यांत बदलत गेले. प्रथम ‘वैयक्तिक, कौटुंबिक’ कारण सांगण्यात आले. एप्रिल २००६ मधील दूरचित्रवाणी मुलाखतीत त्याने स्वतःच भारतात झालेल्या संसर्गाकडे बोट दाखविले आणि त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ‘तणावजन्य आजार’ हा शब्दप्रयोग आला. नोव्हेंबरमध्ये ॲशेस (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटी) मालिका सुरू होण्याआधीच तो सिडनीहून परतला, तेव्हाच्या निवेदनात त्याच आजाराने उचल खाल्ल्याचा उल्लेख होता. मार्च २००८ मध्ये सॉमरसेट या इंग्लिश कौंटी संघाबरोबर संयुक्त अरब अमिरातीस निघताना हीथ्रो विमानतळावरून तो मागे फिरला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून त्याने निवृत्ती घेतली. ७६ कसोटींत ५,८२५ धावा आणि १४ शतके ही त्याची कमाई. नैराश्य आणि घरापासून दूर असतानाची तीव्र चिंता यांचे सविस्तर वर्णन त्याने त्याच वर्षीच्या आत्मकथनात केले.

तेव्हा माघार २००६ ची, पण तिचा पूर्ण उच्चार २००८ चा. याच काळात, जानेवारी २००८ मध्ये, ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज शॉन टेट याने शारीरिक व भावनिक थकव्यामुळे खेळातून अनिश्चित काळाची रजा घेतली. त्यात आजाराचे नाव नव्हते. चालू स्पर्धेतून जाताना नैराश्य हा शब्द मंडळाच्या निवेदनातच आला तो मायकेल यार्डीच्या बाबतीत. मार्च २०११ मध्ये विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी तोंडावर असताना हा इंग्लिश अष्टपैलू कोलंबोहून परतला. प्रथेची खूण जाहीर उच्चार ही मानल्यास यार्डीचे उदाहरण अधिक काटेकोर ठरते. ट्रेस्कॉथिकला आद्यत्व देण्याची रूढी मात्र इतकी पक्की आहे, की ती बदलेल असे दिसत नाही. यार्डीच्या वेळी माजी सलामीवीर जेफ्री बॉयकॉट यांनी रेडिओवर, आपण त्याच्या गोलंदाजीवर केलेली टीका त्याच्या वाचनात आली असावी, अशा अर्थाचे विधान केले आणि त्यावरून ते टीकेचे धनी झाले.

शब्दयोजनेची वाटचाल पुढे सरळ राहिली नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत १० आणि ९ धावांवर बाद झालेला इंग्लंडचा फलंदाज जोनाथन ट्रॉट ॲशेस दौरा सोडून गेला, तेव्हा पुन्हा ‘तणावाशी निगडित’ हीच जुनी संज्ञा वापरण्यात आली. २०१४ च्या मार्चमध्ये आपल्याला नैराश्य नव्हते, अतिश्रमाने आलेला थकवा होता, असे ट्रॉटने सांगितले. त्यावर आपली फसगत झाल्यासारखे वाटते, असे मायकेल व्हॉन म्हणाला. एप्रिलमध्ये ट्रॉटला चिंतेच्या त्रासामुळे पुन्हा थांबावे लागले. नैराश्य, चिंताविकार आणि थकवा यांच्या सीमारेषा वैद्यकातही धूसर असतात. मथळ्यांना मात्र एकच शब्द हवा असतो, आणि ट्रॉटचा वाद बराचसा त्यातून उद्भवला असे म्हणता येते.

२०१९ नंतर : ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलने श्रीलंकेविरुद्धची टी-२० मालिका चालू असताना रजा घेतली. काही दिवसांपूर्वीच त्याने ॲडलेडला २८ चेंडूंत ६२ धावा कुटल्या होत्या. धावा आटल्या की मन खचते, ही सोपी समजूत या उदाहरणाने अडचणीत येते. पाठोपाठ निक मॅडिन्सन आणि विल पुकोव्हस्की हे ऑस्ट्रेलियाचे फलंदाजही बाजूला झाले. नोव्हेंबरमध्ये इंदूर कसोटीपूर्वी भारताचा कर्णधार विराट कोहली याने मॅक्सवेलचे समर्थन केले आणि २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात आपलीही तशीच अवस्था झाली होती, पण बोलावे कसे हे कळत नव्हते, असे सांगितले. त्या दौऱ्यातील कसोटींच्या १० डावांत कोहलीच्या १३४ धावा झाल्या होत्या. कोविडकाळातील जैवसुरक्षित कवचाने (बोलीत ‘बबल’) हॉटेल आणि मैदान एवढेच जग उरले. जुलै २०२१ च्या अखेरीस, भारताविरुद्धच्या मालिकेच्या तोंडावर, इंग्लंडच्या बेन स्टोक्सने अनिश्चित काळाची रजा घेतली. बोटाची दुखापतही होतीच. वर्षअखेरच्या ॲशेससाठी तो परतला.

महिला क्रिकेटमध्ये इंग्लंडची यष्टिरक्षक सारा टेलर हिने २०१६ मध्ये चिंताविकारामुळे रजा घेतली. २०१७ च्या विश्वविजेत्या संघात ती होती आणि २०१९ मध्ये निवृत्त झाली.

नियमांतील स्थान : खेळाचे नियम या प्रकाराला वेगळे ओळखत नाहीत. क्षेत्ररक्षणासाठी बदली खेळाडू मिळतो, पण त्याला फलंदाजी वा गोलंदाजी करता येत नाही. ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्यास पूर्ण अधिकाराचा बदली खेळाडू देता येऊ लागला. मानसिक त्रासाला ती सवलत लागू झाली नाही. त्यामुळे माघार शक्यतो दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत घेतली जाते. विश्वचषकासारख्या स्पर्धेत संघातील बदलास तांत्रिक समितीची संमती लागते.

भारत : येथे चालू दौरा सोडताना मानसिक कारण स्वच्छ नोंदविल्याची उदाहरणे विरळ, निवेदनांत ‘वैयक्तिक कारणे’ हाच शब्दप्रयोग रुळलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ईशान किशनला दक्षिण आफ्रिका दौऱ्यातील कसोटी संघातून मोकळे करताना नियामक मंडळाने तोच वापरला, वृत्तपत्रांनी मात्र मानसिक थकव्याचा उल्लेख केला. उलट मागाहून सांगण्याची परंपरा जोमदार आहे. प्रवीण कुमार आणि रॉबिन उथप्पा हे २०२० मध्ये आपल्या नैराश्याविषयी बोलले. सामन्याआधीच्या अस्वस्थतेने दहा-बारा वर्षे आपली झोप उडत असे, हे तेंडुलकरने मे २०२१ मध्ये सांगितले. २०२२ मध्ये कोहलीने महिनाभर बॅटला हात लावला नाही आणि त्यामागचा मानसिक थकवा परतल्यावर बोलून दाखविला. ८ सप्टेंबरला आशिया चषकात अफगाणिस्तानविरुद्ध त्याने नाबाद १२२ धावा केल्या. रणजी किंवा वयोगट क्रिकेटमधील माघारींची मात्र संकलित नोंद नाही.

माघार न घेता, स्पर्धा चालू असतानाच बोलण्याचे ठळक उदाहरण मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जचे. २०२५ च्या विश्वचषकात तिला एका सामन्यासाठी वगळण्यात आले होते. ३० ऑक्टोबर रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिने नाबाद १२७ धावा करून ३३९ धावांचे लक्ष्य गाठून दिले. सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेत तिने स्पर्धेच्या सुरुवातीला जाणवत असलेली चिंता, आईला फोन करून रडणे आणि संघातील मैत्रिणींनी दिलेली साथ हे सारे सांगितले. अंतिम सामना त्यानंतर तीन दिवसांनी त्याच मैदानावर झाला आणि त्यातही ती खेळली.