सेकंड हँड गाडी खराब निघाली? आधी लिहा, मग खोला

आमच्या गॅरेजला महिन्यातनं दोन-तीन जण तरी असे येतात, "परवाच घेतली ओ, आणि आत्ताच गरम व्हायलीय, खोला आणि काय ते बघा." आम्ही तिथंच हात थांबवतो. एकदा इंजिनचं हेड उतरवलं की डीलर म्हणणार तुमच्या मिस्त्रीनंच बिघडवली, आणि मग त्याला उत्तर देणं लई अवघड जातं. पैसे परत पाहिजेत तर गाडी चालवायची बंद करा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, डीलरला फोन केलाच तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पण तेच लिहून टाका.

मग आम्ही गाडी न खोलता तपासून लेखी रिपोर्ट देतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडं किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यातल्या धुऊन-पुसून इकडं बेळगाव भागात आलेल्या आमच्या हाताखालनं गेल्यात. एक तर बाहेरनं आरशासारखी होती, पण ड्रायव्हर साइडचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतल्या टोकाला गाळाची पिवळट रेघ, मॅट उचलली तर सीटच्या बोल्टांना गंज. डीलर म्हणाला, किनाऱ्याकडची गाडी आहे, गंज येतोच. खाऱ्या हवेनं बेल्टवर गाळ कसा येईल? मीटर मागं फिरवलंय असं वाटलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधनं जुनं रेकॉर्ड मागा, प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, अमुक इतक्या दिवसांत गाडी परत घेतलीच पाहिजे असा सरसकट नियम आपल्याकडं नाही. आणि आठ वर्षांच्या गाडीची क्लच प्लेट गेली, बॅटरी बसली म्हणून पैसे परत मागू नका, ते टिकणार नाही. पण अपघात, पुराचं पाणी, मागं फिरवलेलं मीटर असलं काही लपवून विकली असेल तर पावतीवर "आहे त्या स्थितीत" लिहिलंय म्हणून डीलर सुटत नाही, फसवून झालेला व्यवहार रद्द करून मागता येतो.

डीलरला नोटीस पाठवा, साध्या कागदावर चालते, वकील पाहिजेच असं नाही. कधी घेतली, किती दिले, काय सांगितलं होतं, काय निघालं, आणि 15 दिवसांत पैसे परत द्या. स्पीड पोस्टनं पाठवा, पोचपावती जपून ठेवा. सोबत 1915 ला फोन लावा, ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत पण बोलतात.

तरी नाही ऐकला तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आता तुम्ही राहता तिथं केस घालता येते, म्हणजे गाडी कोल्हापूर नाहीतर पुण्यात घेतली असली तरी खानापूर-निपाणीच्या माणसाला बेळगावातच दाद मागता येते, आपल्यासारख्या बॉर्डरवरच्या लोकांना ही फार मोठी सोय आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, 10 लाखांपर्यंत 200 रुपये. मुदत 2 वर्षं, पण तेवढं थांबू नका, पुरावा शिळा होतो. वडापला (शेअर प्रवासी वाहतुकीला) लावायला, स्वतः चालवून पोट भरायला गाडी घेतलेला माणूस पण ग्राहकच धरला जातो. डीलर नसलेल्या घरगुती माणसाकडनं घेतली असेल तर मात्र ग्राहक आयोग चालत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं.

एमएच पासिंगची, म्हणजे महाराष्ट्रात नोंदलेली गाडी असेल तर अजून एक बघा, आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बँकेचा बोजा उतरल्याचा कागद डीलरनं कबूल करून दिला नसेल तर तक्रारीत तेही घाला, नाहीतर बेळगावचं केए-22 पासिंग तिथंच अडकून बसतं.

येताना पावती, आरसी, इन्शुरन्स, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे पाठवल्याचं बँक स्टेटमेंट घेऊन या, आणि गाडी न धुता आणा.