पार्श्वभूमी : लेखिकांच्या कथेतली आई

आजच्या मराठी लेखिकांच्या कथा-कादंबऱ्यांत आई चिडते, दमते, मुलांपासून लांब राहते, कधी मूल नकोच म्हणते. हे अलीकडचं शहरी फॅड आहे, अशी तक्रार अधूनमधून कानावर येते. ती मला पटत नाही. या प्रश्नाची मुळं निदान दीडशे वर्षं मागे जातात.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्याच नवजात मुलाला मारल्याचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवांना तिथे गुपचूप बाळंत होता येई. मातृत्वाचं एवढं कौतुक करणाऱ्या समाजात कोणाचं मातृत्व मंगल आणि कोणाचं गुन्हा, हे बाईच्या कपाळावरच्या कुंकवावरून ठरत होतं. लेखिकांच्या हाती हा विषय आला तो असा, रक्ताने माखलेला.

पुढे १९३० च्या दशकात दोन वाटा अगदी शेजारी शेजारी फुटल्या. १९३५ मध्ये साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आली आणि तिने महाराष्ट्राची आई कशी असावी हे जणू कायमचं ठरवून टाकलं. त्या पुस्तकाच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. पण त्यात बोलतो तो मुलगा. तो रोज रात्री आश्रमातल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, आणि ती गेलेली आहे. दारिद्र्यात मुलं वाढवताना तिच्या मनात काय काय येऊन गेलं, हे आपल्याला श्यामच्या डोळ्यांत मावलं तेवढंच कळतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९३४ मध्ये, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांनी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी लिहिली होती. तिची नायिका अचला नवऱ्याने टाकलेली, शिकलेली बाई. ती विवाहाबाहेर प्रेम करते, आणि प्रेमावर न थांबता मूलही हवंसं मानते. त्यांच्या आधीच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहावरून उठलेलं वादळ तेव्हा अजून शमलेलं नव्हतं. संततिनियमनाचा प्रचार करणारं र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून निघत होतं, त्याच्यावर खटलेही झाले. मूल कधी, किती आणि कोणाकडून, हा प्रश्न त्या काळात हवेत होता. फरक इतकाच, की अचला तो स्वतःच्या तोंडाने विचारते. पुढची पन्नास वर्षं शाळाशाळांतून श्यामच्या आईचं पारायण झालं, अचला मात्र अभ्यासकांपुरती उरली. ही निवड समाजाने केली आणि तिची किंमत आयांनी मोजली, असं मला वाटतं.

१९७१ चा गर्भपाताचा कायदा आणि १९७५ चं महिला वर्ष यानंतर चित्र झपाट्याने बदललं. गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’मधली राधा मुलंबाळं असूनही हळूहळू त्यांच्यापासून अलिप्त होते, आणि लेखिका तिला त्याबद्दल शिक्षा करत नाही. शिक्षा न करणं ही त्या वेळी मोठी गोष्ट होती. सानिया, आशा बगे यांनी आई-मुलीच्या नात्यातला अबोला, अढी, उशिरा आलेली समज असे बारीक पदर उलगडले.

पण हे सगळं बहुतांशी पोट भरलेल्या घरांतलं. दलित लेखिका बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये बाळंतपणाचं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. कोवळ्या पोरींची अडलेली बाळंतपणं, सुईणींचे अघोरी उपाय, आणि सुटका झाल्यावर बाळंतिणीच्या पोटात घालायला घरात काहीच नसणं. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. पण त्यानंतर मराठी कथेला आईच्या भुकेकडे पाठ फिरवणं अवघड झालं. ऊर्मिला पवार यांच्या ‘न्याय’ कथेत गरोदर विधवा गावपंचायतीपुढे उभी राहते. विजयालक्ष्मीचाच प्रसंग, पण आता सांगणारी बाई आहे आणि ती दलित आहे. त्यांच्या ‘आयदान’ या आत्मकथनामध्ये सुपं-टोपल्या विणून घर चालवणारी आई आहे, आणि तिच्या त्या विणण्याशी लेकीने आपल्या लिहिण्याचं नातं जोडलं आहे.

एक धागा कायद्याचाही आहे. गीता हरिहरन या इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकार. १९८४ मध्ये मुलाच्या नावे रोखे घेताना रिझर्व्ह बँकेने त्यांना वडिलांची सही आणायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९९ मध्ये निकाल लागला की वडील हयात असतानाही आई मुलाची नैसर्गिक पालक असू शकते. नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलाच्या कागदावर सही करण्याचा हक्क मिळवायला इतकी वर्षं लागली! कविता महाजनांची ‘ब्र’ ही कादंबरी २००५ मध्ये आली. तिची प्रफुल्ला नवऱ्यापासून वेगळी झालेली, मुलाला दुरावलेली आई आहे. आदिवासी महिला सरपंचांमध्ये फिरताना ती स्वतःचा आवाज शोधते. मुलाची ओढ आणि कामाची ओढ तिच्यात एकत्र नांदतात, एकीसाठी दुसरीचा बळी द्यावा असं कादंबरी सुचवत नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्राच्या सरकारी कागदपत्रांत आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. कथेत मात्र अजून बरंच यायचं आहे. दुसऱ्याचं मूल पोटात वाढवणारी बाई, दत्तक आई, अपंग मुलाला वाढवणारी आई बहुतेक वेळा बाजूच्या पात्रांतच दिसते, आणि गोष्ट सांगते ती दुसरीच कोणी तरी.