अंतर्गत समितीवर बाहेरचा सदस्य व्हायचंय, ट्रेनिंग द्यायचंय? पात्रता, अर्ज अन् कागदपत्रं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा एमआयडीसीत सिक्युरिटीला लागलेले बरेच माजी सैनिक अन् महिला संस्थांत काम करणाऱ्या ताई विचारायलेत की कंपनीच्या नाहीतर छावणीतल्या ऑफिसच्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरून कसं जायचं, ट्रेनिंग कोण देऊ शकतं, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

कामाच्या जागी बायकांचा लैंगिक छळ रोखायच्या २०१३ च्या कायद्यानं १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती लागतेच, खासगी असो का सरकारी. अध्यक्ष तिथलीच सीनियर बाई, किमान २ कर्मचारी अन् १ बाहेरचा सदस्य, एकूणात निम्म्या तरी बायका. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. समितीच नाही केली तर मालकाला ५० हजारापर्यंत दंड आहे, हे अर्ज देताना गोडीत सांगून ठेवायला हरकत नाही.

आता पात्रता. महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली व्यक्ती चालते, नाहीतर या विषयाची जाण असलेली. जाण म्हणजे काय ते नियमात जिल्ह्याच्या स्थानिक समितीसाठी लिहिलंय, इथंही साधारण तेच धरतात: एकतर महिला सक्षमीकरणाच्या समाजकार्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव, किंवा कामगार, सेवा, दिवाणी, फौजदारी यातल्या कायद्याची माहिती. पुरुषही चालतो. पण नुसतं 'फौजेत होतो, शिस्त माहितीय' एवढ्यावर भागत नाही भाऊ, रिटायर झाल्यावर एलएलबी केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. अन् एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल किंवा चौकशी चालू असेल तर नेमलेल्या सदस्यालाही काढता येतं, म्हणून ते आधीच सांगा.

अर्जाचा ठरलेला सरकारी फॉर्म नाही. साध्या कागदावर ऑफिसप्रमुखाच्या नावानं अर्ज, सोबत बायोडाटा, आधार, पॅन, फोटो, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र अन् अनुभवाचं पत्र, वकील असाल तर सनद, माजी सैनिक असाल तर डिस्चार्ज बुक अन् ओळखपत्राची झेरॉक्स. अनुभवाच्या पत्रात 'समाजकार्य केले' एवढंच नको, कोणत्या गावात, कोणत्या सालात, काय केलं ते येऊ द्या. पोच घेतल्याशिवाय निघू नका.

१० पेक्षा कमी माणसं असतील, नाहीतर तक्रार मालकावरच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. त्या समितीवर यायचं तर चौकशी कलेक्टर ऑफिस अन् जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडं करा. तिथंही संस्थेच्या माणसांना जागा आहे.

ट्रेनिंगचं सांगायचं तर कलम १९ प्रमाणं वर्कशॉप घेणं, समितीच्या सदस्यांना तयार करणं ही मालकाची जबाबदारी. ट्रेनर व्हायला या कायद्यात लायसन्स सांगितलेलं नाही, म्हणून पैसे घेऊन 'सरकारमान्य' सर्टिफिकेट विकणारे भेटले तर हात जोडा. शिकून घ्या जरूर, पण कागदासाठी पैसे घालू नका.

फौजी लोकांपुढं बोलायचं असेल तर तयारी जरा वेगळी लागते. कलमं वाचून दाखवली की ताठ बसून ऐकतात अन् चहाला उठले की विसरतात. त्यापेक्षा प्रसंग द्या. रात्रपाळीत सुपरवायझर गार्डबाईला नंबर मागतो, ती नाही म्हणली की दुसऱ्या दिवशी तिचं गेट बदलतो, आता बाजूला उभ्या असलेल्या गार्डनं काय करायचं? यावर त्यांनाच बोलू द्या, खरं ट्रेनिंग तिथंच होतं. सेवेतल्या जवानांपुढं असाल तर आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ७० माहीत पाहिजे. 'युनिटमधलं युनिटमध्येच मिटतं' असं कुणीतरी म्हणतंच, पण नागरिक, म्हणजे फौजेत नसलेल्या बाईवर बलात्काराचा गुन्हा असेल तर कोर्ट मार्शल म्हणजे फौजेचं कोर्ट नाही, साधं फौजदारी कोर्ट. ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (शत्रूविरुद्धच्या मोहिमेवर वगैरे), देशाबाहेर किंवा सरकारनं ठरवलेल्या सीमेवरच्या चौकीत असेल तेवढाच अपवाद.

समितीपुढं आलेली खरी केस मात्र ट्रेनिंगमध्ये सांगायची नाही, नाव झाकूनसुद्धा मी तर टाळायलाच सांगेन, छोट्या कंपनीत लोक लगेच ओळखतात. गुप्तता मोडली तर ५ हजार दंड अन् सदस्यत्वही जातं.

मानधनाची आशा फार ठेवू नका. संस्थेतून आलेल्या सदस्याला नियमात दिवसाचे २०० रुपये अन् प्रवासखर्च लिहिलाय, तिकिटं जपून ठेवा. अन् नेमणुकीचा आदेश लेखी घ्या, मुदत कधी संपते ती तारीख त्यात टाकून.