लाल दिवा लागला तर बटण एकदाच दाबा
(डिझेल बर्नर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

पावसाळा सुरू झाला की आमचा फोन सकाळी साडेसातपासून वाजतो. पावडर कोटिंगवाले, लाँड्रीवाले, हॉटेलांचे गरम पाण्याचे बॉयलर सांभाळणारे, सगळ्यांचं म्हणणं एकच : "बर्नर ट्रिप होतोय, लाल बटण दाबून दाबून थकलो." म्हणून हे पत्रक. ऑपरेटरला वाचून दाखवा आणि पॅनेलजवळ चिकटवून ठेवा.

बटण दाबल्यावर आत काय होतं, ते आधी पाहू. सुरुवातीला नुसता पंखा फिरतो आणि भट्टीतला जुना वायू बाहेर काढतो. मग इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पडते, व्हॉल्व्ह उघडतो आणि नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो. फोटोसेलला (ज्योत पेटली की नाही हे बघणाऱ्या सेन्सरला) ज्योत दिसली नाही, तर लहान बर्नरमध्ये जास्तीत जास्त 10 सेकंदांत कंट्रोलर डिझेल तोडतो आणि लाल दिवा लावतो. पण तेवढ्या वेळात उडालेलं डिझेल कुठे जात नाही, ते भट्टीतच राहतं.

ताशी 15 लिटर जाळणारा बर्नर 10 सेकंदांत सुमारे 40 मिली डिझेल फवारतो. आठ वेळा बटण दाबलं तर पाव लिटरहून जास्त डिझेल भट्टीच्या तळाशी साचतं. भट्टी गरम असेल तर त्याची वाफ होते. चिमणीतून पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येतो तो याचाच. नवव्या वेळी ठिणगी नीट पडली की हे सगळं एकदम पेटतं. मागच्या पावसाळ्यात एका गाळ्यात असंच झालं. भट्टीचं झाकण उडालं आणि समोर उभ्या मुलाच्या भुवया जळल्या. डोळे वाचले, हे नशीब.

म्हणून लाल दिवा लागल्यावर आधी टाकीत डिझेल आहे का, व्हॉल्व्ह उघडा आहे का, फिल्टरच्या काचेत पाणी दिसतंय का, ते बघा. मेन स्विच बंद करून फोटोसेल बाहेर ओढा आणि त्याची काच मऊ कापडाने पुसा. मग बटण एकदा दाबा. पुन्हा लाल दिवा लागला तर डिझेलचा व्हॉल्व्ह आणि मेन बंद करून आम्हाला कळवा. सतत ट्रिप होतो म्हणून कुणी फोटोसेल बायपास करून देत असेल, तर त्याला गाळ्यात येऊ देऊ नका. आम्ही हे काम करत नाही आणि त्यापायी दोन ग्राहक गमावलेत.

पावसाळ्यातच त्रास का वाढतो? अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेतलं पाणी जमतं, ते तळाशी बसतं आणि पंपात शिरतं. टाकीचा तळाचा नळ आठवड्यातून एकदा थोडा सोडा, पाणी निघून जाईल. दुसरं कारण बंद शटर. एक लिटर डिझेल नीट जाळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. 20 बाय 30 फुटांच्या, 14 फूट उंच गाळ्यातली सगळी हवा आपला 15 लिटरचा बर्नर सव्वा-दीड तासात ओढतो. झड आत येते म्हणून शटर पूर्ण पाडलं, वर एक्झॉस्ट फॅन चालू ठेवला, तर चिमणीतला धूर उलटा गाळ्यात येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही की वास नाही. भिंतीत कायम उघडी राहणारी जाळी हवीच, ती नसेल तर आम्ही नवा बर्नर बसवत नाही.

"मिस्त्री आला, ज्योत बघून स्क्रू फिरवला, अर्ध्या पैशात काम झालं" असंही ऐकतो. ज्योतीच्या रंगावरून अंदाज येतो, पण माप कळत नाही. हवा कमी पडली तर काजळी, जास्त झाली तर गरम हवा चिमणीतून फुकट जाते. आम्ही चिमणीला छोटं भोक पाडून अॅनालायझर (धुरातले वायू मोजणारं यंत्र) लावतो, ऑक्सिजन 3 ते 5 टक्क्यांच्या आसपास आणतो, धुरात काजळी किती आहे ते कागदावर डाग घेऊन बघतो आणि आकडे लिहिलेली चिठ्ठी तुम्हाला देतो. नोझल बदललं किंवा पंपाचं प्रेशर हलवलं की हे सगळं पुन्हा करावं लागतं. नोझलवर लिहिलेला डिझेलचा आकडा 7 बार प्रेशरला धरलेला असतो. पंप 12 बारवर चालत असेल तर तेच नोझल जवळपास तीस टक्के जास्त डिझेल सोडतं. "तेच नोझल टाकलं, तरी डिझेल जास्त का जातंय?" याचं उत्तर बहुतेकदा इथेच सापडतं.

दोन पाइपांची जोडणी (एक डिझेल आणणारा, एक उरलेलं टाकीत परत नेणारा) असेल तर परतीच्या पाइपवर व्हॉल्व्ह बसवू नका. तो चुकून बंद राहिला की पंपाचं सील फुटतं. साठ्याबद्दल : एका जागी 2,500 लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण एकही टाकी 1,000 लिटरहून मोठी नको.

वार्षिक करारात पावसाळ्याआधीची एक आणि दिवाळीनंतरची एक भेट धरलेली असते, नोझल आणि फिल्टर त्यातच येतात. करार नसला तरी आम्ही येतो. फोन करताना बर्नरच्या पाटीचा फोटो पाठवा आणि बटण किती वेळा दाबलं ते खरं सांगा. आम्ही रागावत नाही. भट्टी उघडायच्या आधी किती थांबायचं, हे त्या आकड्यावरून ठरतं.